थोरल्याचं नाव

"आजी, हाक मार! नावानं हाक मार!" सिस्टर दूशिमा पुन्हा ओरडली. "ती माझा हाक ऐकत नाही. घरचा आवाज पाहिजे."

'ती' म्हणजे खाटेवर निपचित पडलेला सहा फुटी ट्रक ड्रायव्हर. दूशिमा दक्षिणेची, बेन्वे नदीकाठची. उत्तरेकडच्या कात्सिना शहरातल्या या इस्पितळात येऊन तिला बरेच दिवस झाले होते, पण इथली हाउसा भाषा बोलताना तिच्या तोंडी पुरुषांच्या बायका आणि बायकांचे पुरुष होणं काही थांबलं नव्हतं. एरवी वॉर्डातली माणसं त्यावर खो खो हसत, पोटाला टाके घातलेले रोगीसुद्धा कळ सोसून हसत. आज कुणी हसलं नाही.

देलू खाटेपासून चार हात लांब, भिंतीकडे तोंड करून चटईवर बसली होती. मांडीवर जेवणाचा डबा होता आणि दोन्ही हात डब्यावर घट्ट होते.

"बाहेर कुणी पुरुषमाणूस आहे का बघते," ती उठायला लागली.

"पुरुष कशाला? तू आहे ना! तू तिची कोण?"

"आम्ही एका गल्लीतले," देलू म्हणाली.

यात खोटं काही नव्हतं. खाटेवरचा माणूस तिच्याच गल्लीत, तीन दारं सोडून राहत होता. त्याला आपण जन्म दिला, एवढं फक्त तिनं सांगितलं नाही. सकाळी दाखल करतानाही तिनं हेच सांगितलं होतं, आणि कारकुनानं मान डोलावली होती. तो इथलाच होता, त्याला पुढचं आपोआप कळलं.

आतड्याला पीळ पडला होता. रात्रभर पोट धरून लोळल्यावर पहाटे त्याला भावानं, सानीनं, मोटारीत घालून आणलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, पीळ सोडवला, पोट शिवलं. सगळं नीट झालं असं ते म्हणाले. पण आता दुपार कलली तरी माणूस शुद्धीवर येईना. दुसऱ्या ऑपरेशनला जाता जाता डॉक्टर दूशिमाला बजावून गेले होते, त्याला हाका मारत राहा, खोल जाऊ देऊ नका. सानी रक्त द्यायला गेला होता. बायको, मैरो, औषध आणायला बाजारात पळाली होती.

आणि ती दोघं इथं असती तरी काय मोठा उजेड पडणार होता? मैरो नवऱ्याचं नाव घेत नसे, ती त्याला 'घरधनी' म्हणायची. सानी धाकटा, तो 'याया' म्हणायचा, म्हणजे दादा. पोरं बाबा म्हणायची. ट्रकच्या अड्ड्यावर सगळे त्याला लंबू म्हणत. घरात त्याला खऱ्या नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं, त्याची आत्या, ग्वाग्गो अझुमी. तिला जाऊन दोन पावसाळे झाले. तेव्हापासून त्या घरात ते नाव कुणाच्या तोंडून निघालेलं नव्हतं, आणि हे देलूच्या आत्ता, या चटईवर बसल्या बसल्या लक्षात आलं.

पलीकडच्या खाटेजवळ हुरेरा बसली होती. फुलानी गवळीण, नवऱ्याला बैलानं शिंग मारलं म्हणून आठवडाभर इथंच मुक्काम ठोकून होती. तिला राहवलं नाही.

"सिस्टर, ती आई आहे त्याची."

"आई?" दूशिमानं देलूकडे पाहिलं. "आई असून अशी तोंड फिरवून बसली? सकाळपासून मी बघते. पाणी नाही पाजत, हात नाही लावत. मला वाटलं, शेजारीण असेल, तीही भांडलेली!"

"थोरला आहे तो," हुरेरा म्हणाली. जणू यात सगळं आलं.

"मग?"

"मग काय? कुन्या आहे तिला."

दूशिमानं कपाळाला हात लावला. हा शब्द ती इथं आल्यापासून ऐकत होती. बाई दुखत असून दुखतं म्हणेना, कुन्या. पाहुणा भुकेला असून जेवेना, कुन्या. कुन्या म्हणजे लाज, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, पण लाज माणसाला चूक केल्यावर वाटते. इथं तर माणसं कुठलीच चूक न करता जन्मभर ती पाळत बसायची. भीड म्हणा, मर्यादा म्हणा, नम्रपणा म्हणा, सगळं त्यात थोडं थोडं आहे. आपलं जे सगळ्यात जवळचं, ते आपलं आहे असं चारचौघांत मिरवायचं नाही, हे त्यातलं मुख्य. आणि बाईला पहिल्या मुलाइतकं जवळचं काय असतं? म्हणून इथली आई थोरल्याचं नाव कधी तोंडानं घेत नाही.

"कुणी आणला हा शब्द?" दूशिमा करवादली. "मला दाखवा तो माणूस. त्याला मी सुई टोचते!"

"अरबांनी आणला," कोपऱ्यातून मालम मोदू म्हणाला. हा बोर्नूकडचा म्हातारा मदरशात शिकवायचा. त्याचा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला होता, जीभ मोकळी होती. "अरब लोक थोरामोठ्यांना नावानं हाक मारत नाहीत. मुलाच्या नावानं मारतात. अमक्याचा बाप, तमक्याची आई. त्या हाकेलाच ते कुन्या म्हणतात. तिथून आला शब्द."

"थापा!" हुरेरा कडाडली. "कुन्या आमची आहे. आमच्या गाईंमागून चालत आली ती या मुलखात. तुम्ही लोकांनी ती आमच्याकडून घेतली, आणि तुमच्या बोर्नूपर्यंत पोचेस्तोवर तर ती संपलीच."

"गाई कुणाच्या हाकलून आणल्या होत्या, ते पण सांग की. तेव्हा कुठं चरायला गेली होती तुमची कुन्या?"

"म्हातारड्या, दुसरा पाय पण मोडून घ्यायचाय का?"

फुलानी आणि बोर्नूवाले एकमेकांना असंच बोलतात, त्याचा राग धरायचा नसतो. पण देलूला आज ते ऐकू येऊनही पुरतं ऐकू येत नव्हतं. तिच्या कानात म्हाताऱ्याचं एकच वाक्य राहिलं होतं. मुलाच्या नावानं आईला हाक मारायची. तिला गल्लीत सगळे 'सानीची आई' म्हणत. सानी दुसरा. ती त्या अरबांच्या गावात जन्मली असती तर थोरल्याच्या नावानं ओळखली गेली असती, दिवसभर, येता जाता. हा विचार मनात आला आणि तिला एकदम रडूच आलं.

शब्द कुठून आला हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्यापुरता तो तिच्या आईच्या घरातून आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा ती स्वतःच पोरसवदा होती. पोर अंगावर घेतलं तशी आई म्हणाली, "सारखं बघू नकोस त्याच्याकडे. लोक म्हणतील, हिला कौतुक आवरत नाही." मग ती मान वळवून पाजायची. ते रडलं तर लगेच उचलायचं नाही, कुणीतरी "अगं घे की त्याला, दगडाची आहेस का" म्हणायची वाट बघायची. ते वाक्य यायला कधी कधी फार वेळ लागायचा. त्या वेळात पोराच्या रडण्यानं तिचे कपडे दुधानं भिजायचे.

दूध तोडल्यावर पोर नणंदेकडे गेलं. अझुमीला मूलबाळ नव्हतं, आणि थोरला असाच कुणाकुणाकडे वाढतो, यात नवल नव्हतं. नवल वाटलं ते देलूला स्वतःचं. सानी झाला, मग आणखी तिघं झाली, त्यांना तिनं पाठीला बांधलं, त्यांची गाणी म्हटली, नावं घेऊन घेऊन त्यांना शिव्या घातल्या, चपलेनं बडवलं. सगळं हौसेनं केलं. आणि त्यातल्या प्रत्येकाला उचलताना तिला वाटायचं, हे असं एकदा त्यालाही करायचं होतं.

अझुमीचं अंगण भिंतीपलीकडे होतं. अझुमीचा आवाज मोठा. "लवाऽऽली!" मधला सूर ती लांबच लांब ओढायची आणि शेवट तोडून टाकायची. "लवाऽऽली, कुठं मेलास रे!" दिवसातून कितीदा तरी ती हाक भिंतीवरून यायची. देलू उखळात बाजरी कांडत असायची. हाक आली की तिचं मुसळ जरा थबकायचं, मग पुन्हा पडायचं.

सकाळी देलू दारात चुलीवर कढई मांडून चवळीचे वडे तळायची, तिकडे त्यांना कोसाई म्हणतात. गल्लीतली सगळी पोरं वाडगी घेऊन यायची. लवालीही यायचा. ती त्याला वडे द्यायची ते खाली बघून. त्यामुळे त्याचं तोंड कसं कसं बदलत गेलं ते तिला नीट सांगता आलं नसतं, पण त्याचे पाय तिला पाठ होते. अंगठ्याचं नख कधी उचकटलं, टाच कधी फुटली, पहिल्या चपला कुठल्या रंगाच्या होत्या. कधी अझुमी स्वतः यायची, पोराला हाताला धरून. "काय गं, आज मीठ कमी. काल तेल जळकं. तुला मेलीला हात तरी आहे का?" असं तिचं बराच वेळ चालायचं, आणि पोर समोर उभं राहायचं. अझुमीला वड्यांबद्दल काहीच म्हणायचं नसायचं. ती नुसती पोराला उभं करायची. दोघींनी हे कधी एकमेकींना बोलून दाखवलं नाही. देलूला अझुमीचा हेवा वाटायचा, इतका की घास उतरायचा नाही, आणि अझुमी गेली तेव्हा गल्लीत सगळ्यांत जास्त तीच रडली.

लवालीही तसाच निघाला. आईसमोर यायचा तो चपला काढून, दारापाशी गुडघे टेकून, जमिनीकडे बघत. "रात्र बरी गेली ना?" एवढंच विचारायचा. लांबच्या फेऱ्या करून आला की कांद्याची अर्धी गोणी सानीच्या हाती पाठवायचा. तिसरी मुलगी झाली तेव्हा त्यानं तिचं नाव देलू ठेवलं. आईचं नाव, म्हणून मग ते त्यालाही घेता येईना. तो लेकीला 'छोटी इन्ना' म्हणायचा, छोटी आई. देलूला हे कळलं तेव्हा ती परसात जाऊन बराच वेळ कोंबड्यांना दाणे टाकत बसली होती.

"आजी!"

दूशिमाच्या आवाजात आता राग नव्हता. तिनं लवालीची पापणी वर करून पाहिली, नाडी धरली, पुन्हा धरली.

"बघ, श्वास कसा उथळ झाला. मी डॉक्टरला आणते. तू मार हाक. तुझ्या पाया पडते, मार." आणि ती चपला वाजवत पळत गेली.

मालम मोदूनंही मान वळवून देलूकडे पाहिलं. देलूनं डबा बाजूला ठेवला. तिला हाक मारायची होती. इतकी वर्षं तिला दुसरं काही नकोच होतं. पण वॉर्डात दोन रांगा माणसं होती, त्यांचे नातेवाईक होते, सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते, आणि तिच्या आईचा हात अजून जणू तिच्या हनुवटीला धरून तोंड पलीकडे वळवत होता. हा मेला तर? तर मी कुणाची लाज राखली?

हुरेरा उठली. तिनं आपली ओढणी डोक्यावरून पुढं ओढली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"मी काही बघत नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "मला काही ऐकू पण येत नाही. ए म्हाताऱ्या, तू?"

मालम मोदूनं चादर तोंडावर घेतली आणि आतून खड्या आवाजात कुराण म्हणायला सुरुवात केली. शेजारच्या खाटेवरच्यानं मान वळवली. मग त्याच्या पलीकडच्यानं. खिडकीशी उभी असलेली दोन माणसं बाहेर बघायला लागली. ज्यांना वळता येत नव्हतं त्यांनी डोळे मिटले. बघता बघता सगळ्या वॉर्डानं तोंडं फिरवली.

देलू उठून खाटेपाशी गेली. चादरीबाहेर त्याचे पाय आले होते. तिनं आधी पाय पाहिले, मग हळूहळू वर तोंडाकडे. दाढीत पांढरे केस होते. केव्हा झाले? कपाळ तिच्या बापाचं होतं. तिनं तोंड उघडलं, पण नुसता वाराच बाहेर आला. हे नाव तिच्या जिभेनं कधी घडवलंच नव्हतं. कुठून सुरू करायचं, कुठं जोर द्यायचा, काही कळेना. तिला ते फक्त ऐकून माहीत होतं, भिंतीवरून आलेलं.

तसंच ते बाहेर आलं.

"लवाऽऽली!"

मधला सूर लांबच लांब, शेवट तुटलेला. तिचा आवाज तिलाच परका वाटला. पण आता ते थांबेना.

"लवाऽऽली! लवाऽऽली, कुठं मेलास रे!"

मालम मोदूचं पठण क्षणभर अडखळलं आणि पुन्हा जोरात सुरू झालं. खाटेवरचा हात हलला. ओठ हलले. पोरपणी भिंतीपलीकडून ओ द्यायचा तसा, घशातल्या घशात तो म्हणाला, "आलो, ग्वाग्गो."

देलू मागं सरली. त्याच्या पापण्या उघडायच्या आत ती चटईशी पोचली, डबा उचलला, आणि दूशिमा डॉक्टरांना घेऊन एका दारानं आत येत होती तेव्हा ती दुसऱ्या दारानं व्हरांड्यात गेली.

बऱ्याच वेळानं हुरेरा बाहेर आली. तिच्यामागून दूशिमा येत होती, खूश होऊन, दोन्ही हात पसरून. "आजी! ती उठली! तू हाक मारली आणि ती... मी सांगते तिला आत, तुझ्या आईनं..."

हुरेरानं तिचा दंड धरला. "तू काही सांगायचं नाहीस."

"का?"

"चल, तुला चहा पाजते. दूध माझ्या घरचं आहे." आणि जवळजवळ ओढतच ती तिला घेऊन गेली. जाताना तिनं देलूकडे पाहिलं नाही.

मैरो औषध घेऊन आली, आत गेली, आणि थोड्या वेळानं ओढणीच्या टोकानं डोळे पुसत बाहेर आली. सुनेच्या रीतीप्रमाणे ती जरा लांबच बसली.

"इन्ना, ते शुद्धीवर आलेत. पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही."

"देवाची कृपा," देलू म्हणाली.

"पण इन्ना, ते सारखं ग्वाग्गोचं विचारतायत. म्हणतात, ग्वाग्गो आली होती, तिनं मला हाक मारली, मी ऐकली. कुठं गेली विचारतायत." मैरो जरा पुढं सरकली. "त्यांना आता कसं सांगू की ग्वाग्गो नाही? इतके आनंदात आहेत. काय सांगू, इन्ना?"

एक वाक्य पुरलं असतं. मैरो आत जाऊन ते बोलली असती, आणि त्या माणसाला कळलं असतं. देलूच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग तिच्या डोळ्यांपुढं अझुमी आली, पोराला हाताला धरून कढईसमोर उभी, मीठ कमी म्हणून भांडणारी.

"सांग, आली होती म्हणावं," देलू म्हणाली. "आत्ताच गेली."

मैरोनं तिच्याकडे पाहिलं, आणि ती आत गेली.

व्हरांड्यावर त्याच वॉर्डाची खिडकी होती. खिडकीला जाळी होती, पडदा नव्हता. मैरो काय बोलली ते ऐकू आलं नाही. त्याचं मात्र ऐकू आलं. आवाज बसलेला होता, औषधानं जड झालेला, तक्रारीचा, लहान पोरासारखा.

"इतक्यात गेली? थोडं बसायचं तरी होतं."

देलू उठून खिडकीशी आली होती. ती खिडकीखाली भिंतीला पाठ लावून खाली बसली, ओढणी तोंडावरून ओढून घेतली, आणि संध्याकाळी सानी घरी न्यायला येईपर्यंत तिथून उठली नाही.